पेलेट ग्रिलवरचा आकडा आणि आतलं तापमान जुळत नसेल तर काय तपासाल

पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशाच्या कांड्या (पेलेट) जाळून, विजेच्या कंट्रोलरवर चालणारी ग्रिल. आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं वाचा.

कंट्रोलरवर, म्हणजे तापमान लावायच्या आणि दाखवायच्या डब्यावर, ११० अंश आणि झाकणावरचा काटा ८५ वर. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच.

आकडा अगदी बरोबर, पण वेळ भरल्यावर कोंबडी हाडाजवळ अजून लालच. किंवा उलट: मंद आचेवर ठेवलेली मटणाची रान एका बाजूने करपलेली.

आकडा मध्येच तीस-चाळीस अंशांची उडी मारतो आणि लगेच जागेवर येतो.

पहिला तासभर सगळं ठीक. मग आकडा हळूहळू उतरत जातो आणि शेवटी आग विझते.

ग्रिल थंडगार असतानाच चालू केली तरी डिस्प्लेवर साठ-सत्तर दिसतात, नाहीतर आकड्याऐवजी एरर कोड येतो.

आणि आपल्या भागातलं खास लक्षण: जून ते सप्टेंबर त्रास, दिवाळीनंतर सगळं आपोआप सुरळीत.

मी साताऱ्यात असतो. वाई, पाचगणी, महाबळेश्वरच्या हॉटेलांमधले ओव्हन-फ्रायर दुरुस्त करण्याचं काम आहे. अलीकडे रिसॉर्टांमध्ये आणि कराड-सांगलीकडच्या फार्महाउसवर पेलेट ग्रिल येऊ लागल्यापासून ‘तापमान चुकीचं दाखवतंय’ हा फोन सतत येतो. बहुतेक वेळा फोन करणाऱ्याने आधीच सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन (दाखवलेल्या आकड्यात ठरावीक अंश मिळवणं किंवा वजा करणं) बदललेलं असतं. तसं करू नका. ते सगळ्यात शेवटचं काम आहे, का ते पुढे सांगतो.

आत काय चालतं हे थोडक्यात लक्षात घ्या. हॉपर म्हणजे पेलेट भरायची पेटी. त्यातले पेलेट ऑगर नावाचा स्क्रू पुढे ढकलत फायरपॉटमध्ये, म्हणजे आगीच्या भांड्यात, पाडतो. तिथे हॉट रॉड त्यांना पेटवतो आणि पंखा हवा देतो. फायरपॉटच्या वर पत्र्याचा आडोसा असतो, त्यामुळे ज्वाला थेट जाळीला लागत नाही. गरम हवा आणि धूर कडेने वर चढतात. आतल्या भिंतीतून बाहेर आलेला स्टीलचा बारीक प्रोब या हवेचं तापमान मोजतो. तो कमी सांगतोय असं दिसलं की कंट्रोलर ऑगर जास्त फिरवतो, जास्त सांगतोय असं दिसलं की कमी. म्हणून प्रोबची चूक नुसती डिस्प्लेवर राहत नाही. प्रोबने कमी सांगितलं तर आग खरोखर वाढते, जास्त सांगितलं तर खरोखर मंदावते. आणि तो सांगतो ते फक्त स्वतःच्या टोकाजवळच्या हवेचं. जाळीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय याची त्याला कल्पना नसते.

काही न उघडता, काही खर्च न करता

पहिल्यांदा सेल्सिअस की फॅरनहाइट ते बघा. या ग्रिलच्या पाककृती बहुतेक अमेरिकन असतात, त्यातला २२५ हा आकडा फॅरनहाइटमधला असतो. सेल्सिअसमध्ये तो होतो १०७. तसंच २५० म्हणजे १२१. ग्रिल सेल्सिअसवर असताना २२५ लावलं तर मंद धुरावर शिजवायचं सोडून चांगली कडक भाजायची आच लागते. हॉटेलच्या किचनमध्ये शिफ्ट बदलली की कुणीतरी बटण दाबून एकक बदलतं आणि पुढच्याला ते माहीत नसतं.

दुसरं, झाकणावरच्या काट्याशी तुलना करणं बंद करा. तो दोन धातूंच्या पट्टीच्या गुंडाळीवर चालतो, सावकाश हलतो आणि झाकणाजवळची हवा मोजतो. तुमचं मटण जाळीवर आहे. कंट्रोलर आणि काटा यांच्यात वीस-पंचवीस अंशांचा फरक असेल तर त्यावरून दोघांपैकी कोण चुकलं हे ठरत नाही, दोघांनी दोन जागा मोजल्या एवढंच कळतं.

तिसरं, ग्रिलला बसू द्या. झाकण बंद ठेवून निदान अर्धा तास जाऊ द्या, मगच मोजायला लागा. पेलेटची आग टप्प्याटप्प्याने जळते: पेलेट पडले की भडकते, संपत आले की उतरते. जुन्या साध्या कंट्रोलरवर लावलेल्या तापमानाच्या वर-खाली दहा-पंधरा अंश झोका जाणं हे बिघाडाचं लक्षण नाही. नवे कंट्रोलर हा झोका बराच आटोक्यात ठेवतात, पण काही कंट्रोलर डिस्प्लेवरचा आकडाच गुळगुळीत करून दाखवतात. आत हवा हलत असते आणि वर १०७ ठाण मांडून बसलेला असतो. म्हणून एका क्षणाचा आकडा धरून निष्कर्ष काढू नका, सरासरी घ्या. झाकण उघडून बंद केल्यावर पुढची दहा-पंधरा मिनिटं तर मोजूच नका. गार हवा लागली की कंट्रोलर जास्तीचे पेलेट टाकतो आणि झाकण लागल्यावर तापमान वर उसळी घेतं.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो, कारण यावरून बरेच चांगले प्रोब फेकले जातात. मोठा मांसाचा तुकडा मंद आचेवर असताना त्याच्या आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी येऊन तासन्‌तास हलत नाही. प्रोब बिघडलेला नसतो. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि ते उडताना उष्णता घेऊन जातं. पाणी सरलं की आकडा पुन्हा चढतो. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळा.

तुमचा दुसरा थर्मामीटर तरी खरा आहे का?

कंट्रोलरला खोटं ठरवायचं तर हातातलं माप खरं असलं पाहिजे. ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळं तपासणं वाया जातं.

बर्फाने सुरुवात करा. ग्लास ठेचलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, त्यात फक्त फटी भरण्यापुरतं गार पाणी घाला, ढवळा, दोन मिनिटं थांबा. थर्मामीटरचं टोक मधोमध धरा, काचेला टेकू देऊ नका. शून्याच्या एक अंश अलीकडे-पलीकडे आलं तर ठीक. बर्फ थोडा आणि पाणी फार असं केलं तर तीन-चार अंश येतील आणि चांगला थर्मामीटर उगाच बदनाम होईल.

उकळत्या पाण्याची चाचणी करताना आपण कुठे आहोत ते विसरू नका. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. जसजसं उंच जाल, तसतसं साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. सांगली-मिरजेत पाणी ९८ च्या आसपास उकळतं, सातारा शहरात साडेसत्त्याण्णवच्या आसपास, पाचगणी-महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळपास. पाचगणीत उकळत्या पाण्यात ९६ दाखवणारा थर्मामीटर एकदम खरा आहे. त्याला ‘चार अंश कमी दाखवतो’ म्हणून चार अंश वाढवून ठेवलं तर ती चूक पुढच्या प्रत्येक मोजमापात शिरते.

वेगळा थर्मामीटर नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या, तापमान मोजणाऱ्या मल्टीमीटरसोबत येणारी मणीवाली वायर चालते. ती के-टाइप थर्मोकपल असते आणि दोन-तीन अंशांच्या फरकाने खरं सांगते. तिच्यावरचं कापडी वेष्टण फार तापमान सोसत नाही, म्हणून ती मंद आचेपुरतीच वापरा. लेझरची गन मात्र या कामाची नाही. ती पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही, आणि चकाकत्या स्टीलवर तर फारच कमी दाखवते. कोविडच्या काळात कपाळावर धरायला घेतलेल्या गन फक्त अंगाच्या तापासाठी असतात.

आता जाळीवर मोजायचं कसं? कच्चा बटाटा अर्धा कापा, कापलेली बाजू खाली करून ग्रिलच्या स्वतःच्या प्रोबजवळ जाळीवर ठेवा आणि थर्मामीटरची सळई त्यातून आरपार काढा. टोक बटाट्याच्या बाहेर चांगलं पाच सेंटीमीटर पुढे यायला हवं. टोक जाळीच्या लोखंडाला लागता कामा नये आणि बटाट्याच्या ओलाव्याजवळही नको. ग्रिल रिकामी, ११० वर लावलेली. झाकण बंद. दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे कागदावर लिहा, असं अर्धा तास. मग ग्रिल १८० वर न्या आणि पुन्हा तेच करा. इथे मल्टीमीटरची कापडी वायर असेल तर तिचं वेष्टण तेवढं सोसतं का ते तिच्या पाकिटावर आधी बघा.

हा कागद म्हणजे अर्धं निदान आहे. दोन्ही आचांवर फरक सारखाच राहिला, समजा कायम आठ अंश, तर प्रोबची जागा किंवा कॅलिब्रेशन बघायचं. आच वाढवल्यावर फरकही वाढत गेला तर काजळी किंवा भलताच प्रोब. आणि फरक कधी इकडे कधी तिकडे असा नाचत असेल तर जोड, पेलेट, वीज किंवा वारा.

प्रोब पुसा

ग्रिल पूर्ण गार झाल्यावर प्रोबवरून बोट फिरवा. नवीन असताना तो चकचकीत असतो. वापरातल्या ग्रिलमध्ये त्यावर आधी तेलाचा पिवळट थर बसतो, त्यावर काजळी बसते, पुन्हा तेल, पुन्हा काजळी. काही महिन्यांत डांबरासारखं काळं, नखाने टवका निघेल असं कवच तयार होतं. या कवचातून उष्णता आत पोचायला वेळ लागतो. हवा १३० झालेली असते, प्रोब अजून ११० म्हणतोय, आणि कंट्रोलर पेलेट टाकतच राहतो. शिवाय प्रोबचा मागचा भाग भिंतीच्या गार पत्र्यात असतो, त्यामुळे कवचाखालचं टोक हवेपेक्षा भिंतीचं जास्त ऐकतं आणि कायमच थोडं कमी सांगतं. परिणाम एकच: आत दाखवतो त्यापेक्षा जास्त आच.

पाचगणीच्या एका रिसॉर्टमध्ये आचारी म्हणत होते की ग्रिल मंद आचेवरसुद्धा करपवते. डिस्प्लेवर १०७ होते आणि जाळीवर त्याच वेळी १३० च्या पुढे. कंट्रोलर बदलायचं जवळजवळ ठरलं होतं. प्रोबवर बोरूच्या काडीएवढा जाड थर होता. तो काढल्यावर दोन आकड्यांत चार-पाच अंशांचा फरक उरला, आणि तेवढा चालतो.

पुसायचं ते असं: कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण किंवा पांढरा व्हिनेगर, जुना सुती कपडा. भिजलेला कपडा दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग फिरवत पुसा. तारेची घासणी नको, चाकू तर मुळीच नको. आतला सेन्सर नाजूक असतो आणि प्रोब वाकवला तर आतली वायर तुटते. भिंतीतून प्रोब जिथे बाहेर येतो तिथे पाणी ओतू नका. नियमित वापर असेल तर चार-पाच वेळा ग्रिल लावली की एकदा पुसायचाच.

मांसात खुपसायच्या प्रोबचं दुखणं वेगळं असतं. त्याची वायर जिथे सळईला जोडलेली असते तिथे पाणी शिरलं की आकडा उड्या मारतो. हे प्रोब बादलीत बुडवून घासायचे नसतात, ओल्या फडक्याने फक्त सळई पुसायची. पाणी शिरलंच असेल तर दोन दिवस कडक उन्हात ठेवा. तरी नाचत असेल तर बदला, तो दुरुस्त होत नाही.

आडोसा, फॉइल, ट्रे

आडोशाचा पत्रा धुऊन परत बसवताना थोडा तिरका बसला तर सगळी गरम हवा एका बाजूने चढते. प्रोब ज्या बाजूला असेल त्यावर मग आकडा खूप जास्त किंवा खूप कमी. पत्रा खाचेत नीट बसलाय का बघा. तेलाच्या ट्रेवर फॉइल लावत असाल तर ते कडांच्या फटी झाकत नाही ना, तेही बघा. जाळी भरून मोठा ट्रे ठेवला किंवा कोंबडी प्रोबला टेकली तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. प्रोबपासून चार बोटं जागा मोकळी सोडा.

राख

फायरपॉटला खाली आणि कडेला हवेची भोकं असतात. राख साचली की ती बुजतात, आग धुमसते, धूर पांढरा आणि उग्र होतो, तापमान उतरतं. मग कंट्रोलर पेलेट वाढवतो आणि ते न जळता साचतात. पहिला तास बरा आणि मग घसरण, हे लक्षण असेल तर सगळ्यात आधी इथे बघा. दर दोन-तीन वेळा वापरल्यावर राख काढा. हॉट रॉडच्या टोकाभोवतीची जागाही मोकळी करा.

राख व्हॅक्यूम क्लीनरने काढणार असाल तर ग्रिल बंद करून रात्रभर जाऊ द्या. राखेत निखारा टिकून राहतो आणि घरातल्या व्हॅक्यूमची कापडी पिशवी त्याने पेट घेते.

पेलेट: पावसाळ्यातल्या तक्रारींचं मूळ

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यांना पाणी चालत नाही. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच मीटरच्या वर पाऊस पडतो आणि दिवसेंदिवस धुकं हटत नाही. तिथे फोडलेली पिशवी किचनच्या कोपऱ्यात आठवडाभर राहिली तर आतल्या कांड्या हवेतलाच ओलावा पिऊन फुगतात. सांगलीत हवा त्या मानाने कोरडी, तरी हॉपरमध्ये राहिलेले पेलेट पहिल्या पावसात दगा देतात.

तपासणं सोपं आहे. एक कांडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडा. कोरडी कांडी टक् आवाज करून मोडते, तिच्या अंगावर किंचित चकाकी असते आणि मोडलेला भाग घट्ट दिसतो. ओलसर कांडी आवाज न करता मोडते, चुरा बोटांना चिकटतो. अशी कांडी जळते तेव्हा तिची बरीच उष्णता आतलं पाणी उडवण्यातच जाते. तापमान वर चढत नाही, काजळी वाढते, आणि ती काजळी पुन्हा प्रोबवर बसते. कंट्रोलरच्या दृष्टीने प्रोब बरोबर असतो, आगच कमी पडत असते.

चुऱ्याचा त्रास त्याहून मोठा. पिशवीच्या तळाशी साचलेला भुसा हॉपरमध्ये गेला की ऑगरमध्ये दाबला जाऊन घट्ट बसतो. कधी थोडा सुटतो, कधी अडतो. म्हणून आकडा अर्धा तास खाली आणि मग एकदम वर. पेलेट हॉपरमध्ये ओतण्याआधी पिठाच्या नव्हे, गव्हाच्या चाळणीतून चाळा. शिजवताना मध्येच एकदा हॉपरचं झाकण उघडून बघा: मधोमध खड्डा पडून कडेचे पेलेट तसेच उभे राहिले असतील तर लाकडी पट्टीने सारखे करा. हात घालू नका, खाली ऑगर फिरतोय.

साठवायला जुनी पत्र्याची धान्याची कोठी उत्तम, झाकण घट्ट हवं. काम झाल्यावर पावसाळ्यात हॉपर रिकामा करून पेलेट कोठीत परत टाका. ऑगर नळीत राहिलेले पेलेट फुगले तर ते सिमेंटसारखे बसतात आणि मग ऑगर बाहेर काढण्याशिवाय गत्यंतर नाही.

आता स्वस्त पेलेटबद्दल. आपल्याकडे एमआयडीसीतल्या बॉयलरसाठी भुशाचे, बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे), शेंगांच्या टरफलांचे पेलेट आणि कांडी कोळसा सहज मिळतो, किमतीतही मोठा फरक असतो. ते ग्रिलमध्ये घालू नका. लाकडाच्या चांगल्या पेलेटची राख १ टक्क्याच्या आत असते. बगॅस-टरफलांची त्याच्या कितीतरी पट, आणि ती फायरपॉटमध्ये खडा होऊन बसते. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की बॉयलरच्या मालात प्लायवूडचा, रंगवलेल्या लाकडाचा भुसा असू शकतो. त्यातला डिंक आणि रंग जळून जो धूर होतो तो तुमच्या ताटात येतो. अन्नासाठीचे म्हणून विकलेलेच पेलेट घ्या. महाग पडतात, पण इथे काटकसर करायची नाही.

वारा

पाचगणीच्या पठारावर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या बाजूला किंवा उघड्या माळावरच्या फार्महाउसवर ग्रिल असेल तर वारा धुराड्यातून आणि झाकणाच्या फटीतून उष्णता ओढून नेतो. प्रोबची बाजू वाऱ्याकडे असेल तर तेवढीच भिंत गार होते. ग्रिल फिरवून बघा, आडोसा उभा करा, फरक लगेच कळेल. मात्र वारा लागतो म्हणून ती बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वीज

इथे जरा नीट थांबू या, कारण आपल्या भागात हे कारण जितकं असतं तितकं कुणी तपासत नाही.

शेतातल्या लाइनवर पंप चालू असताना व्होल्टेज २३० वरून बरंच खाली येतं. पंखा मंद होतो, हॉट रॉड पुरेसा लाल होत नाही, पेलेट उशिरा पेटतात. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर असेल तर आणखी घट. ग्रिल पेटवताना, म्हणजे हॉट रॉड चालू असताना, व्होल्टेज किती राहतं ते बघा. नुसतं प्लगपाशी आधी मोजून उपयोग नाही. वायर जाड आणि आखूड ठेवा, एवढ्याने पुष्कळ तक्रारी मिटतात.

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेली ग्रिल असेल तर ती १२० व्होल्टची असते. थेट आपल्या प्लगला लावली तर कंट्रोलर जळतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवतात ते ठीक, पण ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. ऑगरची आणि पंख्याची मोटर साधी एसी असेल तर ती इथे जवळपास एक षष्ठांश मंद फिरते. अशी ग्रिल मंद आचेवर बरी चालते आणि मोठ्या आचेवर पोचतच नाही. प्रोब बदलून काही होणार नाही. ५० हर्ट्‌झची मोटरच बसवावी लागते, किंवा त्या मर्यादेत शिजवायचं.

लाइट जाणं हा तर धोकाच. मध्येच वीज गेली की पंखा थांबतो, धूर आणि आग हळूहळू ऑगरच्या नळीतून हॉपरकडे सरकू शकते. लांब वेळाचं शिजवणं असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर जोडा. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर एसी मोटर घुमते आणि तापते. काम संपल्यावर प्लग ओढून बंद करू नका, बंद करायच्या बटणाने पंखा पूर्ण वेळ चालू द्या.

मल्टीमीटरने प्रोब मोजणं

हे तेव्हाच, जेव्हा वरचं सगळं करून फरक तसाच आहे आणि तुम्हाला मल्टीमीटर धरायची सवय आहे. प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

बऱ्याच ग्रिलमधला प्रोब प्लॅटिनमचा असतो. पीटी-१००० जातीचा असेल तर शून्य अंशाला त्याचा रोध १००० ओहम असतो, ३० अंशांना सुमारे १११७ आणि १०० अंशांना सुमारे १३८५. प्रोबच्या दोन वायरी कंट्रोलरमधून सोडवा आणि बर्फाच्या ग्लासात प्रोबचं टोक धरून ओहम मोजा. १००० च्या दोन-चार ओहम इकडे-तिकडे आलं तर प्रोब चांगला. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली वायर तुटली आहे, आकडा शून्याजवळ असेल तर शॉर्ट. काही ग्रिलमध्ये पीटी-१०० असतो, त्याचा शून्याचा आकडा १०० ओहम. एकाच्या जागी दुसरा लावला तर डिस्प्ले भलतंच काही दाखवेल, म्हणून नवा घेताना जुना सोबत न्या.

प्रोब चांगला निघाला तर जोड बघा. पावसाळ्यात कंट्रोलरच्या मागच्या स्क्रूंवर हिरवट गंज चढतो. गंजाचा रोध प्रोबच्या रोधात मिळतो. पीटी-१००० मध्ये चार ओहमला एक अंश, त्यामुळे फरक थोडा पडतो. पीटी-१०० मध्ये मात्र एकाच ओहमला अडीच अंशांहून जास्त. रोध वाढला की आकडा जास्त दिसतो, कंट्रोलर पेलेट कमी करतो, आणि आत खरी आच कमी. डिस्प्लेवर ११० आणि कोंबडी कच्ची, याचं एक कारण हे. स्क्रू सोडा, वायरीचं टोक नव्याने सोला, घट्ट आवळा. प्रोबची वायर पंख्याच्या किंवा हॉट रॉडच्या वायरींना बांधलेली असेल तर वेगळी करा, उड्या मारणारा आकडा कधी कधी तेवढ्याने थांबतो.

कॅलिब्रेशन

आता, आणि फक्त आता. कॅलिब्रेशनमध्ये तुम्ही जो आकडा टाकता तो बहुतेक कंट्रोलर प्रत्येक तापमानाला सारखाच मिळवतो किंवा वजा करतो. म्हणून कागदावरचा फरक ११० ला आणि १८० ला सारखा आला असेल तरच ते उपयोगाचं. काजळीमुळे पडलेला फरक कॅलिब्रेशनने झाकला तर एका आचेवर जुळेल, दुसऱ्यावर आणखी बिघडेल, आणि ज्या दिवशी कुणी प्रोब पुसेल त्या दिवशी सगळंच उलटं होईल. आधी कुणी काही टाकून ठेवलं असेल तर ते शून्यावर आणूनच तपासायला सुरुवात करा. टाकलेला आकडा आणि तारीख ग्रिलच्या आतल्या दारावर चिकटवून ठेवा.

आणि काहीही झालं तरी कोंबडी शिजली की नाही हे ग्रिलच्या आकड्यावरून ठरवू नका. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ अंश आले पाहिजेत.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ग्रिलच्या अंगाला झिणझिण्या येतात किंवा एमसीबी, ईएलसीबी पडतो: प्लग काढा, आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. वायर जळल्याचा वास, कंट्रोलरच्या मागे काळा डाग: उघडू नका. हॉपरमधून धूर येतोय किंवा हॉपरचा पत्रा हाताला चटका देतोय: आग ऑगरमधून मागे आली आहे, लाइट बंद करा, माणसं बाजूला करा, आणि वाढत असेल तर १०१ ला फोन लावा. लावलेल्या तापमानाच्या वर आकडा चढतच चाललाय आणि ऑगर थांबत नाही: कंट्रोलरचा रिले (ऑगर चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटला आहे, तो घरी होण्यासारखा नाही. ऑगर अडकून मोटर घुमतेय: जोर लावून फिरवू नका, पिन तुटते आणि मोटरही जाते.

दाट पिवळट-पांढरा धूर येतोय पण आग दिसत नाही, अशा वेळी झाकण उघडू नका. न जळलेला धूर आत कोंडलेला असतो, हवा लागताच एकदम भडका उडतो. लाइट बंद करा, दूर व्हा, पूर्ण गार होऊ द्या. मग फायरपॉटमध्ये साचलेले पेलेट हाताने काढल्याशिवाय परत पेटवू नका. ट्रेमधल्या तेलाने पेट घेतला तर झाकण बंद, लाइट बंद, पाणी अजिबात नाही.

तंत्रज्ञाला फोन करताना दोन आचांवरच्या आकड्यांचा तो कागद, बर्फातला ओहमचा आकडा, पेटवतानाचं व्होल्टेज, एरर कोड असेल तर त्याचा फोटो आणि मागच्या पाटीवरचा मॉडेल, व्होल्ट, हर्ट्‌झचा फोटो एवढं पाठवा. योग्य प्रोब किंवा मोटर बरोबर घेऊन यायला तेवढं पुरतं आणि पाचगणीच्या घाटाची एक फेरी वाचते.